समोरासमोरचे दांडे

फोनवर तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते: "टेबल जाम झालंय, येऊन बघा." मी लगेच निघत नाही. आधी विचारतो, दांडा सरकवताना अडतो की फिरवताना? आणि अडतो तो सगळीकडे सारखा, की एका ठरावीक जागी? ज्यांच्या ऑफिसात किंवा हॉस्टेलवर फूसबॉलचं टेबल आहे त्यांनी हे कधी पाहिलेलं नसतं. पण फोन कानाला लावून ते टेबलापाशी जातात, दांडे हलवून बघतात, आणि त्यांच्या उत्तरावरून निम्मं निदान घरी बसून होतं. सगळीकडे सारखाच जड सरकत असेल तर बुश कोरडा पडलाय किंवा त्यात मळ साचलाय. एकाच जागी अडत असेल तर तिथे दांड्याला मार बसलाय. फिरवताना अर्धा फेरा हलका आणि अर्धा जड जात असेल तर दांड्याला बाक आलाय, आणि मग नव्या दांड्याची तयारी ठेवूनच जावं लागतं.

मी मूळचा टूलरूमचा माणूस. उमेदीची वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत जिग-फिक्श्चर बनवण्यात गेली. कारखाना बंद झाल्यावर खेळाच्या टेबलांच्या दुरुस्तीत शिरलो. आधी कॅरम आणि टेबल टेनिस, मग बिलियर्ड्स, आणि हिंजवडी-खराडीकडे आयटी कंपन्या उभ्या राहिल्या तशी त्यांच्या कॅफेटेरियातली फूसबॉलची टेबलं. या सगळ्यांत मला फूसबॉल जास्त जवळचा वाटतो. त्यातल्या प्रत्येक फटक्याच्या वाटेत एक पोलादी दांडा असतो, आणि पोलाद मला कळतं. बिलियर्ड्सची काठी वाकडी असली तर खेळणारा दुसरी उचलतो. इथे आठ दांडे टेबलातच अडकवलेले असतात. ज्या बाजूला उभे राहाल त्या बाजूचे चार तुमचे.

ते चार म्हणजे गोलकीपरचा, बचावाच्या दोघांचा, मधल्या पाचांचा आणि हल्ल्याच्या तिघांचा. एक, दोन, पाच, तीन मिळून अकरा. अमेरिकेच्या टॉर्नेडो टेबलांवर गोलकीपरच्या दांड्यावरच तिघं उभे असतात, म्हणून तिथे संघ तेरा जणांचा होतो. इंग्लंडच्या हॅरल्ड थॉर्नटन यांनी अशा टेबलाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२३ साली तो मान्य झाला. तेव्हापासून बाहुल्या बदलल्या, टेबलाचा पृष्ठभाग बदलला, चेंडू बदलले. दोन भिंतींमधून आरपार गेलेला दांडा आणि त्याच्या टोकाची मूठ ही मांडणी मात्र टिकून आहे.

टेबलापाशी गेल्यावर मी मुठीला हात लावतो तो फक्त फिरवण्यासाठी. नजर असते समोरच्या टोकावर. सरळ दांड्याचं टोक जागच्या जागी फिरतं, वाकलेल्याचं गोल घेरा काढतं. मग दांडा मोकळा सोडून द्यायचा. बाहुल्यांची डोकी आणि पाय एकमेकांना तोलणारे असतील तर चांगला दांडा सोडला तिथेच थांबतो. बाक असलेला मात्र दर वेळी फिरून त्याच बाजूला खाली येतो, कारण त्याचं वजन एका अंगाला गेलेलं असतं. तिसरी खूण पायांची. बाहुली उभी असताना पाय आणि मैदान यांत जेवढी फट दिसते, तेवढीच दांड्यावरच्या सगळ्या बाहुल्यांखाली दिसायला हवी. मधल्याखाली कमी आणि कडेच्यांखाली जास्त असेल तर पुढे काही विचारायची गरज राहत नाही.

इथे एक गल्लत सर्रास होते. बुश झिजला की दांडा खडखडतो, वरखाली हलतो, आणि लोक दांडा बदलायला सांगतात. बुश म्हणजे भिंतीच्या भोकात बसवलेलं नायलॉनचं कडं. ते झिजण्यासाठीच असतं, दांड्याने झिजू नये म्हणून. शंभर-दोनशे रुपयांत भागणाऱ्या कामासाठी मी दांडा काढत नाही. उलटही घडतं. क्रोम सोललेला, खड्डे पडलेला दांडा नवा बुश कानशीसारखा खातो, आणि गिऱ्हाईक महिन्याभराने पुन्हा बुश मागतं. तेव्हा मात्र दांडाच काढावा लागतो, मग तो अगदी सरळ का असेना.

दांडे वाकतात कुठे, याचं उत्तर मला वाकलेल्या दांड्यांनीच दिलं. मला वाटायचं, बाक मधोमध येत असेल, कारण मध्ये आधार नसतो. बहुतेक वेळा तो असतो बुशाच्या जरा बाहेर, मुठीच्या बाजूला. मूठ पूर्ण बाहेर ओढलेली असते, गप्पा मारता मारता कोणी तिच्यावर रेलतं, आणि सगळं वजन बुशाच्या कडेवर येतं. दोन बुशांमध्ये पेललेला दांडा तेवढंच वजन मधोमध सोसून पुन्हा सरळ होतो. बाहेर आलेला होत नाही. बाकीचे दांडे टेबल हलवताना जातात. चार जण चार मुठी धरून टेबल उचलतात, किंवा लिफ्टमध्ये मावावं म्हणून ते दांड्यांच्या टोकांवर उभं करतात. कंपनीच्या फॅसिलिटी विभागाला मी कामाच्या कागदावर लिहून देतो की टेबल उचलायचं ते पायांच्या चौकटीला धरून. हा कागद टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवा, असंही सांगतो, कारण उचलणारी माणसं दर वेळी नवी असतात.

२०२० साली ऑफिसं बंद झाली तेव्हा कोणी रेललं नाही, कोणी उचललं नाही, तरी दांडे खराब झाले. उघडल्यावर जिथे जिथे बोलावणं आलं तिथे एकच चित्र: दांडा बुशात जिथे टेकून राहिला होता तिथे बारीक गंजाचं कडं. एसी बंद, पावसाळी दमट हवा, आणि शेवटच्या खेळातला हाताचा घाम तसाच राहिलेला. तोवर मी खेळणाऱ्यांवर रागावायचो की किती झिजवता. त्या उघडझापीत कळलं की रोज खेळलेला दांडा जास्त टिकतो, कारण तो रोज पुसला जातो, निदान बुशाकडून तरी. गोव्यात समुद्राकाठच्या एका हॉस्टेलच्या टेबलावर हेच खाऱ्या वाऱ्याने वर्षभरात केलं होतं. तिथे साधा क्रोमचा मुलामा टिकत नाही. स्टेनलेसचा पाइप घ्यावा आणि किंमत आधीच सांगून टाकावी.

बाक आलेला दांडा सरळ करायचा की बदलायचा, हा निर्णय मला या कामात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दांडा काढून व्ही-ब्लॉकवर ठेवतो, वर डायल गेज लावतो आणि हळूहळू फिरवतो. काटा एका फेऱ्यात जितका हलतो त्याच्या निम्मा बाक असतो. दोन मिलिमीटर हलला तर बाक एक मिलिमीटरचा. भरीव दांड्याला एवढा बाक असेल तर हातप्रेसखाली तो निघतो. दाबायचं ते सरळ रेषेच्या थोडं पलीकडे, कारण दाब सोडला की पोलाद मागे येतं. किती पलीकडे, ते दर दांड्याला वेगळं. टूलरूममधले आमचे मिस्त्री आधी एकदा हलकं दाबून तो धातू किती मागे येतो ते पाहायचे आणि मगच खरा दाब द्यायचे. मी अजून तसंच करतो. पोकळ दांड्याचं मात्र निराळं. त्याच्या बाकाच्या आतल्या बाजूला भिंत चेपलेली असते, बोट फिरवलं की हाताला लागते. ती चेप प्रेसने निघत नाही, आणि पुढच्या वेळी तो तिथेच मुडपतो. असा दांडा सरळ करून परत बसवणं मला पटत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

बदलायचं ठरलं की प्रश्न येतो भरीव की पोकळ. याचा हिशेब मी गिऱ्हाइकाला कागदावर करून दाखवतो, कारण लोकांना वाटतं पोकळ म्हणजे कच्चा. सोळा मिलिमीटरचा भरीव पोलादी दांडा मीटरमागे सुमारे १.५८ किलो भरतो. त्याच जाडीचा, अडीच मिलिमीटर भिंतीचा पाइप भरतो ०.८३ किलो. वजन जवळजवळ निम्म्यावर आलं, पण वाकायला तो करतो तो विरोध कमी होतो फक्त २२ टक्क्यांनी, कारण ताठपणा बाहेरच्या धातूत असतो, गाभ्यात फार थोडा. उलट जाडी सोळावरून १२.७ मिलिमीटरवर, म्हणजे स्वस्त घरगुती टेबलांच्या अर्ध्या इंचावर आणली, तर भरीव असूनही ताठपणा चाळीस टक्केच उरतो. हे आकडे पाहिले की कोणी बारीक दांडा मागत नाही.

पाइप किंवा बार मी भोसरी-चिंचवडकडच्या ओळखीच्या दुकानांतून घेतो. स्क्रू, वॉशर असलं किरकोळ सामान रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं. दांडा मापाला कापून, प्लेटिंगचा थर वर चढणार हे धरून थोडा बारीक ग्राइंड करून घ्यायचा. त्यानंतर भोकं. यात घाई केली की टेबल कायमचं बिघडतं. पाच बाहुल्यांच्या दांड्यावर पाच भोकं एका रेषेत, एकाच पातळीत असावी लागतात. एक भोक दोन अंशांनी जरी फिरलं, तरी दांड्यापासून पायापर्यंत सत्तर मिलिमीटर धरल्यास त्या बाहुलीचा पाय इतरांपेक्षा जवळजवळ अडीच मिलिमीटर पुढे येतो. पास देताना चेंडू मग दर वेळी तिच्याकडून तिरका जातो, आणि खेळणारा आपल्या मनगटाला दोष देत राहतो. म्हणून पहिलं भोक पाडलं की त्यात लांब पिन घालून ठेवतो आणि पुढचं प्रत्येक भोक त्या पिनेशी पडताळून पाडतो. भोकांच्या कडा मोडून गुळगुळीत केल्या की मगच हार्ड क्रोमला देतो. कडेला राहिलेला बारीक काटा दांडा बसवतानाच नवा बुश फाडतो.

जुन्या दांड्यावरून बाहुल्या काढणं हे सबुरीचं काम. काहींना स्क्रू-नट असतात, काहींना रोल पिन. पिन ठोकताना बाहुलीखाली लाकडाचा कोरलेला ठोकळा हवा, नाहीतर प्लास्टिकच्या खांद्याला तडा जातो. रबरी मूठ ओढून येत नाही. तिच्या आणि दांड्याच्या मध्ये कंप्रेसरची हवा सोडली की ती क्षणभर फुगते आणि अलगद निघते. बाहुल्या थेट दांड्यावरच साच्यात ओतलेल्या असतील तर संपूर्ण दांडाच आणावा लागतो. बसवताना बुश, वॉशर, रबर, बाहुल्या, पुन्हा रबर, वॉशर, बुश हा क्रम टेबलावर मांडून घेतो. माझ्याबरोबर येणाऱ्या मुलाला मी तो मोठ्याने म्हणायला लावतो. एक रबर राहिलं तर सगळ्या पिना पुन्हा ठोकाव्या लागतात, आणि ठोकून काढलेली पिन दुसऱ्यांदा पहिल्यासारखी घट्ट बसत नाही.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायचं होतं त्याकडे येतो. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर गेलो होतो. टेबल जुनं, दांडे भरीव. मुलं खेळाआधी नाणं उडवत होती. मला वाटलं सुरुवात कोणी करायची यासाठी. एक जण म्हणाला, "नाही काका, बाजू ठरवायला. खिडकीकडच्या बाजूने खेळणारा हरतोच." दुसऱ्याने सांगितलं की त्यांच्या स्पर्धेत हे गृहीतच धरतात. खिडकीकडून कोणी एका गोलाने हरला तर तो बरोबरीत सुटला असं मानायचं. मी खिडकीकडचा हल्ल्याचा दांडा काढला. मधल्या बाहुलीपाशी दीड मिलिमीटर बाक. पायाखाली चेंडू दाबून धरावा तर तो निसटायचा, कारण एका अंगाला पाय टेकायचा आणि दुसऱ्या अंगाला वर राहायचा. मुलांनी ते नेमकं ओळखलं होतं, फक्त कारण माहीत नव्हतं.

मेसचा हिशेब पाहणारा मुलगा म्हणाला, "काका, एकाच दांड्याचे पैसे आहेत. चांगला हलका, पोकळ टाका." मी नाही म्हणालो. सव्वा मीटरचा भरीव दांडा दोन किलोच्या जवळ जातो, पोकळ एक किलोच्या आसपास. खिडकीकडे पोकळ बसवला असता तर त्या बाजूचा फटका हलका आणि झटपट झाला असता, आणि नाणं पुन्हा उडालं असतं, फक्त उलट्या बाजूसाठी. मी त्यांना सांगितलं, दोन्ही पोकळ टाकू, नाहीतर समोरच्याशी जुळणारा भरीव. मग समोरचा दांडाही काढला, मायक्रोमीटर लावला. तो सरळ होता, बुशाच्या जागी जरा झिजलेला. मी त्याच मापाचा भरीव बार आणला, नव्या दांड्याचं पॉलिश समोरच्या दांड्याच्या जवळ नेलं, जुन्यालाही घासून तितकंच गुळगुळीत केलं, आणि दोन्हीकडचे चारही बुश नवे टाकले. पुढे दुसऱ्या कामासाठी गेलो तर नाणं अजून उडत होतं, पण जिंकलेला मुलगा कुठली बाजू मागावी या विचारात उभा होता.

तेव्हापासून एकटा दांडा बदलायला मी जात नाही. समोरचा दांडा मोजल्याशिवाय बिल करत नाही, आणि मोजण्याचे पैसे लावत नाही. गिऱ्हाइकाला हे जास्तीचं काम वाटतं, माझ्या मते तेच मुख्य काम आहे. कंपनीत टीम लीडर आणि नवा भरती झालेला मुलगा समोरासमोर उभे राहतात तेव्हा त्या अर्ध्या तासात दोघांना मिळायला हवं ते सारखं वजन, सारखी फट, सारखा बुश. ते देणं माझ्या हातात असतं आणि तिथे हयगय झालेली मला खपत नाही.

या खेळाच्या स्पॅनिश रूपामागे अलेहांद्रो फिनिस्तेरे हा माणूस होता. स्पेनच्या यादवी युद्धात १९३६ साली माद्रिदवरच्या बाँबहल्ल्यात तो जखमी झाला. इस्पितळात त्याच्यासारखीच जखमी मुलं होती, ज्यांना आता फुटबॉल खेळता येणार नव्हता. त्यांच्यासाठी त्याने हे टेबल योजलं, एका सुताराकडून करून घेतलं, आणि १९३७ साली पेटंट घेतलं. ही हकिकत मला फार उशिरा कळली. कळली तेव्हा माझ्या हातात योगायोगाने अशाच मुलांचं काम होतं. अपंग मुलांच्या एका निवासी संस्थेला कोणीतरी वापरलेलं टेबल दिलं होतं, आणि तिथल्या ताईंनी वाकलेले दोन दांडे बदलण्यासाठी बोलावलं होतं.

दांडे पाहण्याआधी मी मुलांना खेळताना पाहिलं. निम्मी चाकाच्या खुर्चीत. टेबलाचे पाय कापून ते खाली आणलेलं. समोरच्या मुलाने दांडा जोरात लोटला की त्याचं टोक या बाजूला वीतभर बाहेर यायचं, आणि खुर्चीतल्या मुलाच्या ते हनुवटीच्या उंचीवर यायचं. उभा माणूस कमरेशी लागलेलं टोक हसण्यावारी नेतो. इथे मुलं दर फटक्याला मान मागे घेत होती, खेळाचाच भाग असल्यासारखी. ताईंना म्हणालो, "दोन दांडे बदलून उपयोग नाही. आठही दुर्बिणीसारखे आत सरकणारे लावू या." अशा दांड्यात बाहुल्या असतात बाहेरच्या नळीवर, आणि ती नळी समोरच्या भिंतीत अडकवलेल्या आतल्या बारवरून सरकते, त्यामुळे समोर काहीच बाहेर येत नाही. इटलीत गार्लांडोसारखे कारखाने दोन्ही प्रकार बनवतात. मुरलेले खेळाडू आरपारचा पसंत करतात. आत सरकणारा जड असतो, आत धूळ गेली की घासतो, आणि झिजायला त्याला एक जास्तीची जागा असते. तरी इथे दुसरा पर्याय मला दिसत नव्हता. खर्च वाढला तो ताईंनी देणगीदाराला समजावून मिळवला, आणि आठही दांड्यांचे आतले बार मी एकाच लांब बारमधून कापले.

बसवून झाल्यावर ताईंना सिलिकॉनची बाटली दिली. "आठवड्यातून एकदा सुक्या फडक्याने पुसा, मग याचे दोन थेंब. स्वयंपाकघरातलं किंवा शिलाई मशीनचं तेल नको, त्याला धूळ धरते." पहिल्याच सामन्यात खुर्चीतल्या एका मुलीने मूठ गरगर फिरवली आणि गोल झाला. मी सांगितलं, "बाळा, चेंडूला लागण्याआधी किंवा नंतर दांडा पूर्ण एका फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही, स्पर्धेत असा गोल धरत नाहीत." ती म्हणाली, "काका, ही स्पर्धा नाही." समोरच्या मुलानेही तिचीच बाजू घेतली, कारण त्यालाही फिरवायचं होतं. मग मी हातोडी परत काढली आणि आठही दांड्यांवरच्या सगळ्या पिना दुसऱ्यांदा ठोकून घेतल्या, गरगर फिरवण्याचा मार सोसतील अशा.